वेलीचा मांडव आणि मुलखाचा स्वभाव
(शेतकी अभ्यासमाला : सभासदांसाठी पाठ)



आपल्या कार्यक्षेत्रात ऊस हेच मुख्य पीक आहे. तरीपण ज्यांची विहीर चैत्र-वैशाखात तळ गाठते असे काही सभासद उसाखालची एक-दोन एकर जमीन ठिबकवर द्राक्षाला देऊ लागले आहेत, आणि आणखी काहीजण तसा विचार करीत आहेत. त्यात वावगे काही नाही. फक्त दोन पिकांतला एक मोठा फरक आधी ध्यानात घ्यावा. ऊस मनासारखा आला नाही तर खोडवा मोडून पुढच्या साली दुसरे पीक घेता येते. द्राक्षाचे तसे नाही. एकदा अँगल रोवले, तारा ओढल्या, खुंट लावून कलम भरले, की पुढची बारा-पंधरा वर्षे तीच चौकट. दोन ओळींतले अंतर चुकले तर ते रबराने खोडता येत नाही. आणि ही चौकट बहुतेकांच्या बाबतीत कर्जाच्या पैशातूनच उभी राहते.

असे असताना बहुतेकजण काय करतात? गेल्या साली ज्याच्या मालाला चांगला दर मिळाला त्याच्या बागेत जातात, पावलांनी अंतर मोजतात, अँगल कुठून आणले ते विचारतात आणि तीच बाग आपल्या रानात उभी करतात. ‘त्याला पिकलं, मग मला का नाही पिकणार?’ हा त्यामागचा हिशेब. पण त्याची जमीन, त्याचे पाणी आणि त्याच्या घरचे हात आपल्याकडे आहेत का, हे कुणी विचारीत नाही.

या पाठात आपण जगातल्या निरनिराळ्या मुलखांतल्या द्राक्षबागा कशा दिसतात आणि तशाच का दिसतात, हे पाहणार आहोत. जग फिरून येण्याची हौस म्हणून हे सांगत नाही. वेल तीच, पण मुलूख बदलला की बागेचे रूप पार बदलते. ते का बदलते हे कळले, म्हणजे आपल्या रानात काय उभे करावे हे ठरवायला डोळे येतात.

१. वेल म्हणजे काय, हे आधी समजून घ्या

द्राक्ष हा मुळात रानातला वेल. झाडावर चढायचे, शेंड्याला जाऊन ऊन गाठायचे आणि तिथे फळ द्यायचे, हा त्याचा स्वभाव. आंब्याचे झाड स्वतःच्या बळावर उभे राहते. वेलीला आधार द्यावा लागतो, नाहीतर छाटून छाटून झुडूप करावे लागते. म्हणजे बागेचा आकार वेल ठरवीत नाही, माणूस ठरवतो.

दुसरी गोष्ट. घड येतो तो यंदाच्या फुटीवर, पण ती फूट निघते गेल्या हंगामात तयार झालेल्या काडीच्या डोळ्यातून. त्या डोळ्यात घड तयार व्हायचा असेल तर काडी कोवळी असतानाच तिला ऊन मिळाले पाहिजे. सावलीत वाढलेली काडी दिसायला लांबलचक आणि हिरवीगार असते, पण तिच्या डोळ्यात घड नसतो. ‘पाला फार, माल नाही’ अशी तक्रार येते त्याचे एक मोठे कारण हेच.

म्हणून कुठलीही बाग पाहताना चार प्रश्न मनात ठेवा. पाणी किती? ऊन किती? वारा, पाऊस आणि गारा यांचा त्रास केवढा? आणि काम करायला हात किती? बागेचा आकार हे या चार प्रश्नांचे उत्तर असते. आता मुलूख एकेक करून पाहू.

२. जिथे ऊन कमी : मोझेल आणि शॅम्पेन

जर्मनीत मोझेल नावाची नदी आहे. हा प्रदेश विषुववृत्तापासून इतका उत्तरेला आहे, की द्राक्ष पिकायला ऊन जेमतेम पुरते. तिथले बागाईतदार सपाट रान सोडून नदीकाठच्या उभ्या डोंगरावर वेली लावतात. डोंगराची दक्षिणेकडची बाजू निवडायची, म्हणजे तिरपे येणारे ऊन उतारावर सरळ पडते. जमिनीत काळसर पाटीचा दगड असतो. शाळेतली जुनी दगडी पाटी आठवा, त्याच जातीचा. तो दिवसभर तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट नावाचा उतार तर जागोजागी ६५ अंशांपर्यंत उभा आहे. जिना चढायलाही कठीण अशा जागेवर ही शेती चालते.

अशा जागी तारा ओढायच्या कशा? म्हणून तिथली जुनी पद्धत म्हणजे एका वेलीला एक खुंटी. प्रत्येक वेलीशेजारी उंच लाकडी खांब रोवायचा, दोन काड्या राखायच्या, त्या गोल वाकवून खांबाला बांधायच्या. लांबून पाहिले तर बदामाचा आकार दिसतो. वेलीभोवती चारी बाजूंनी फिरता येते, खाली-वर कुठेही जाता येते. उन्हाचा एक कवडसाही वाया जात नाही.

फ्रान्समधल्या शॅम्पेन भागातही थंडीच. पण तिथले उतार सौम्य आहेत. तिथे वेली बुटक्या ठेवतात, माणसाच्या छातीपेक्षाही ठेंगण्या, आणि ओळी अगदी जवळजवळ. हेक्टरी सुमारे ८,००० वेली, म्हणजे आपल्या हिशेबाने एकरी सव्वातीन हजारांच्या आसपास. एकेका वेलीवर माल थोडाच धरायचा. मालाचे ओझे हलके असेल तर अपुऱ्या उन्हातही तो पिकतो. दोन ओळींत साधा ट्रॅक्टर मावत नाही, म्हणून ओळीवर टांग टाकून चालणारा उंच पायांचा ट्रॅक्टर त्यांनी केला. वेल खाली, यंत्राचे पोट वर. ही गोष्ट मुद्दाम सांगितली. त्या लोकांनी यंत्रासाठी बाग बदलली नाही, बागेसाठी यंत्र केले. अर्थात ते ज्यांना परवडते त्यांनीच करावे.

३. जिथे वारा आणि कोरड : सँटोरिनी, लांझारोटे, ला मांचा

आता याच्या अगदी उलट मुलूख पाहू. ग्रीस देशात सँटोरिनी नावाचे ज्वालामुखीचे बेट आहे. उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नाहीच, आणि समुद्रावरून येणारा वारा असा, की उभी वेल मोडावी आणि उडत्या रेतीने मणी सोलून निघावा. तिथे बाग पाहायला गेलेल्या माणसाला आधी बाग दिसतच नाही. जमिनीवर जागोजागी पाखराच्या घरट्यासारखी, पाटीसारखी काहीतरी विणलेली दिसतात. तीच वेल! दरवर्षी छाटणीच्या वेळी काड्या एकमेकींत गुंफत गुंफत वेलीचीच पाटी विणतात. पाने बाहेरून, घड पाटीच्या आत. वारा वरून निघून जातो, ऊन पानांवर अडते आणि पहाटेचे समुद्रावरचे दव ती सच्छिद्र राख शोषून घेते. पाटी फार जुनी झाली की वरचा सारा भाग कापून टाकतात, मग त्याच जुन्या मुळातून नवी फूट येते.

स्पेनच्या ताब्यातले लांझारोटे हे बेट याहून नवलाचे. १७३० ते १७३६ अशी सहा वर्षे तिथे ज्वालामुखी धुमसत होता. चांगली पिकाऊ जमीन काळ्या राखेखाली गाडली गेली. पाऊस वर्षाकाठी १५० मिलिमीटरच्या घरात, म्हणजे सहा इंच. आपल्या आटपाडी-माण भागातला दुष्काळी शेतकरीसुद्धा एवढ्या पावसाला हात जोडील. पण तिथल्या लोकांच्या ध्यानात आले, की ही राख रात्रीचे दव पिते आणि खालची ओल उडू देत नाही. मग त्यांनी राखेत नांदीसारखे खोल खड्डे खणले, काही तर पुरुष-दीड पुरुष खोल, म्हणजे वेलीचे मूळ खालच्या जुन्या मातीला पोहोचावे. एका खड्ड्यात एक वेल, आणि वाऱ्याच्या बाजूला दगडाची अर्धगोल पौळ. ला हेरिया नावाच्या त्या भागात काळ्या रानावर असे हजारो खड्डे दिसतात. एकरी वेली जेमतेम शे-सव्वाशे. ‘एवढी जागा वाया?’ असे आपल्या मनात येईल. पण तिथे जागेचा तोटा नव्हताच, तोटा होता पाण्याचा. एका वेलीला जगायला जेवढ्या रानाचे दव लागते, तेवढे रान तिला दिले.

स्पेनच्या मुख्य भूमीवर ला मांचा नावाचे मोठे कोरडे पठार आहे. तिथली जुनी बाग म्हणजे तार नाही, खांब नाही. गुडघाभर उंचीचे जाडजूड खोड, त्यावर चार-पाच आखूड हात, आणि पावसाळी छत्री जमिनीत रोवावी तसा वर पाला. दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच मीटर अंतर. हेक्टरी १,६०० वेली, एकरी साधारण ६५०. पानांची सावली स्वतःच्याच घडावर आणि बुडख्यावर पडते. पाणी न देता, केवळ मुरलेल्या पावसावर ही बाग पिढ्यान् पिढ्या जगली. पुढे ठिबक आले, तशा तिथेही तारेवरच्या बागा वाढल्या. पाण्याचे उत्तर बदलले, म्हणून बागेचे रूप बदलले.

इथे एक धडा घ्या. पाणी थोडे असेल तर वेलींची संख्या तरी कमी ठेवावी लागते, नाहीतर वेलीवरचा पाला आणि माल तरी कमी धरावा लागतो. दाट लागवड, मोठा मांडव आणि आटती विहीर या तीन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, ते वेलीलाही लागू आहे.

४. जिथे पाऊस फार : गॅलिशिया आणि यामानाशी

त्याच स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिशिया आहे आणि त्याला लागून पोर्तुगालचा मिन्हो प्रांत. तिथे अटलांटिक समुद्रावरचा पाऊस भरपूर, हवा सदा दमट. अशा ठिकाणी वेल जमिनीलगत ठेवली तर केवडा आणि घडकूज यांनी बाग जाईल. म्हणून तिथल्या लोकांनी वेल उचलून डोक्यावर नेली. काळ्या-पांढऱ्या टणक दगडाचे खांब, त्यावर आडवा मांडव, आणि खालून वारा मोकळा. मांडवाखालच्या जागेत भाजीपाला, बटाटे घेण्याचीही जुनी रीत आहे. मिन्होमध्ये तर शेताच्या बांधावरच्या झाडांवरच वेली चढवीत आणि मधल्या रानात मका घेत. जमीन थोडी आणि खाणारी तोंडे फार, म्हणून जमीन धान्याला आणि आभाळ द्राक्षाला, अशी ती वाटणी.

जपानमध्ये यामानाशी हा द्राक्षाचा जुना प्रांत. तिथे ऐन वाढीच्या दिवसांत पाऊस पडतो. तिथेही डोक्यावरचा सपाट मांडवच. पण त्यांनी आणखी एक काम केले. प्रत्येक घडाच्या देठाला मेणकागदाची छोटी टोपी घालायची. पाऊस टोपीवरून ओघळतो आणि घड कोरडा राहतो. मांडवाखाली उभे राहून पाहिले तर हजारो पांढऱ्या छत्र्या उलगडल्यासारख्या दिसतात. एकेका घडाला हात लावण्याएवढे मनुष्यबळ आणि त्या घडाला तसा दर, या दोन्ही गोष्टी असतील तरच हे जमते.

इथे एक गंमत पाहा. गॅलिशियात मांडव केला तो दमट हवेतून वेल सोडवायला. आपल्याकडे मांडव आला त्याचे मुख्य कारण रणरणते ऊन. दिसायला दोन्ही मांडव सारखे, पण पोटातले कारण निराळे. म्हणून नुसते रूप पाहून नक्कल करू नये.

५. जिथे वाळवंट : तुर्फान, फ्रेस्नो आणि मेंडोझा

चीनच्या पश्चिमेला तुर्फान हा खोलगट वाळवंटी प्रदेश आहे. त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली सुमारे १५४ मीटर जातो. पाऊस वर्षाला एक इंचसुद्धा नाही. डोंगरावरच्या बर्फाचे पाणी जमिनीखालच्या लांबच लांब बोगद्यांतून आणतात. या बोगद्यांना कारेझ म्हणतात. उन्हाळा भट्टीसारखा आणि हिवाळा हाडे गोठवणारा. म्हणून तिथे वेलीला जाड उभे खोड करीतच नाहीत. कमी उंचीच्या तिरप्या मांडवावर वेल पसरवायची, आणि थंडी आली की सोडवून जमिनीवर निजवायची व मातीखाली पुरायची. वसंत ऋतूत पुन्हा उकरून वर चढवायची. बागेचा आकार असा, की वेल दरसाल निजवता यावी.

तिथल्या टेकड्यांवर मातीच्या विटांच्या, भिंतीभर भोके ठेवलेल्या चौकोनी इमारती दिसतात. ती बेदाण्याची घरे. आत घड टांगतात, भोकांतून गरम कोरडा वारा वाहतो आणि सावलीत हिरवा बेदाणा तयार होतो. तासगाव-पंढरपूरकडची आपली बेदाण्याची शेड आठवा. तिथे मातीची भिंत, इथे जाळीचे मजले आणि शेडनेट, पण तत्त्व तेच : सावली आणि खेळता वारा.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो भागात बेदाणा दुसऱ्या तऱ्हेने होतो. थॉमसन जातीचे घड तोडून दोन ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात कागदावर उन्हात पसरायचे. म्हणून तिथे ओळी पूर्व-पश्चिम ठेवतात. मधल्या पट्ट्यावर दिवसभर ऊन राहिले पाहिजे, वेलीची सावली कागदावर पडता कामा नये. ओळीची दिशासुद्धा विनाकारण ठरत नाही, हे त्यावरून कळते.

अर्जेंटिनातल्या मेंडोझा प्रांतात बर्फाच्या पाण्याचे पाट आहेत, ऊन आहे, जमीन आहे. पण गारा आहेत. त्यामुळे तिथे कित्येक बागांवर बारीक जाळ्या ताणलेल्या दिसतात. २०१४ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली तिने कित्येक बागा तोडणीच्या तोंडावर झोडपल्या, हे आपण विसरलेलो नाही. जाळी काय किंवा अलीकडे आपल्याकडे काही बागांवर आलेले प्लास्टिकचे आच्छादन काय, खर्चाची बाब आहे. पण ते पुढेमागे घालायचे मनात असेल तर खांबांची उंची आणि ताकद आजच तशी ठेवावी लागेल. नंतर जोडकाम महागात पडते.

६. जमिनीखालची गोष्ट

बागेचे जे रूप दिसत नाही, तेही मुलखाप्रमाणे बदलते. १८६० नंतर फ्रान्समध्ये मुळांवर जगणाऱ्या फायलोक्सेरा नावाच्या अमेरिकी किडीने बागांच्या बागा बसवल्या. शेवटी उपाय निघाला तो अमेरिकेतल्याच रानवेलीच्या मुळावर युरोपातल्या जातीचे कलम करण्याचा. सँटोरिनीच्या राखाड रेताड जमिनीत ती कीड टिकली नाही, म्हणून तिथल्या वेली आजही स्वतःच्याच मुळावर उभ्या आहेत.

आपल्याकडे आज बहुतेक नव्या बागा डॉगरिज व तत्सम खुंटावर असतात. पण आपले कारण किडीचे नाही. खारवट पाणी, चुनखड जमीन आणि पाण्याचा ताण हे आपले कारण. तेव्हा खुंट निवडण्याआधी माती आणि पाणी तपासून घेणे हे ओघानेच आले. ‘सगळे हाच लावतात’ हे उत्तर पुरेसे नाही.

७. आपला मुलूख

महाराष्ट्रात द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दौलताबादला आला होता. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याने जे पाहिले त्यातच आपल्या शेतीचे मर्म आहे. युरोपातली वेल थंडीत झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून आपणच तिला छाटून वळण लावतो. एप्रिलची खरड छाटणी काडी आणि डोळ्यातला घड तयार होण्यासाठी, आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी मालासाठी. छाटण्या दोन, पीक एक.

पूर्वी नाशिककडे भोकरी, फकडी अशा जाती होत्या आणि वेल पांगाऱ्याच्या जिवंत खांबावर चढवीत. मोझेलची खुंटी लाकडाची, आपली खुंटी पालवणारी, एवढाच काय तो फरक. पुढे थॉमसनसारख्या बिनबियांच्या जाती आल्या, तिच्यातून तासगाव तालुक्यात तास-ए-गणेश आणि सोलापूरजवळच्या नान्नजला सोनाका अशा जाती शेतकऱ्यांनीच निवडून काढल्या. एकरी मालाचा बोजा वाढला, तशी मांडव पद्धत पसरली. त्यानंतर टेलिफोन पद्धत आणि मग वाय पद्धत. आज आपल्यापुढे मुख्य निवड आहे ती मांडव आणि वाय यांचीच. दोन्हींचे गुणदोष सरळ पाहू.

मांडव : सहा-सात फुटांवर पाल्याचे छत असते. घड खाली सावलीत लोंबतात, त्यामुळे उन्हाने मणी भाजत नाहीत. फेब्रुवारी-मार्चच्या कडक उन्हात हा मोठाच फायदा. पण छत दाट झाले की आत अंधार होतो. एप्रिल छाटणीनंतर फुटींची विरळणी वेळेवर केली नाही तर काडीला ऊन मिळत नाही आणि डोळे वांझ राहतात. आत दमटपणा साचला की भुरी, केवडा यांना आमंत्रणच. सारे काम मान वर करून, हात उंचावून करावे लागते. ते काम बहुतेक आपल्या आया-बहिणी करतात, हेही हिशेबात धरा. आणि एकरी दहा-बारा टन माल तारेला लोंबत असताना वादळी पाऊस आला, तर कडेचे ताण कमजोर असलेला मांडव अखखाच्या अख्खा खाली बसतो. मग एका रात्रीत मालही गेला आणि चौकटही गेली.

वाय पद्धत : पाला दोन तिरप्या हातांवर उघडा राहतो. ऊन काडीपर्यंत जाते, फवारा पोचतो, हवा खेळते, विरळणी आणि डिपिंगची कामे छातीच्या उंचीवर होतात, ट्रॅक्टर ओळीतून जातो. पण घडाला ऊन लागण्याचा धोका अधिक, विशेषतः दुपारनंतर पश्चिमेच्या बाजूने. म्हणून ओळी शक्यतो दक्षिणोत्तर ठेवतात, आणि निर्यातीच्या मालाला कागद गुंडाळण्याची रीत पडली आहे. जपानची टोपी पावसासाठी, आपला कागद उन्हासाठी आणि रंग एकसारखा राहावा म्हणून.

अंतराचा हिशेबही करून पाहा. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. नऊ बाय पाचवर ९६८ वेली बसतात, दहा बाय सहावर ७२६. म्हणजे जवळपास अडीचशे वेलींचा फरक. तेवढे खुंट, तेवढी कलमे, तेवढे ड्रीपर आणि ऐन उन्हाळ्यात तेवढे पाणी. वेली वाढल्या म्हणजे माल त्याच पटीत वाढतो असे नाही.

एकाच जिल्ह्यातही उत्तर एक नसते. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा इतका उतरतो, की शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात. बागलाणात अगाप छाटणी घेऊन बाजार गाठतात, म्हणजे पावसाशी झुंज आलीच. तासगाव, सोलापूरकडे बेदाण्याचा मार्ग मोकळा असल्याने खाण्याचा माल गेला नाही तरी शेड असते. गाव बदलले की छाटणीची तारीख बदलते, आणि तारखेबरोबर उन्हाचे, पावसाचे, थंडीचे संकटही बदलते.

८. शेवटचा प्रश्न हाताचा

मोझेलच्या उभ्या उतारांवरच्या कित्येक बागा गेल्या काही दशकांत पडीक पडल्या. ऊन तेच होते, दगडही तोच होता. कमी पडले ते चढून काम करणारे हात. सँटोरिनीत वेल विणायला कसबी माणूस लागतो, एकरी उत्पन्न थोडे, आणि त्याच जागेला पर्यटकांच्या खोल्या बांधणारा जास्त पैसे मोजतो. म्हणजे मुलखाला अगदी शोभणारी बागसुद्धा हात आणि दर यांच्याअभावी टिकत नाही. आपल्या बाबतीतही तेच. छाटणी, फेलफूट काढणे, शेंडा मारणे, डिपिंग, थिनिंग ही कामे ठरलेल्या चार दिवसांतच व्हावी लागतात. त्याच दिवसांत उसाची तोड आणि लागण अंगावर आली तर घरातल्या माणसांनी कुठे पुरे पडायचे? मजुरांच्या टोळीला सगळ्या गावाकडून एकाच आठवड्यात बोलावणे असते. तेव्हा एकरी किती बाग पेलते, हे विहिरीबरोबर घरातल्या हातांनाही विचारा.

स्वाध्याय

बाग लावण्याआधी खालील प्रश्नांची उत्तरे सभासदांनी घरच्या मंडळींसह बसून वहीत लिहून काढावीत. घरातल्या बायकांना मुद्दाम विचारावे, कारण कामाचा अंदाज त्यांना अधिक असतो.

१) एप्रिल-मे महिन्यांत विहिरीला किंवा बोअरला रोज किती तास पाणी असते? गेल्या तीन उन्हाळ्यांतला सर्वांत वाईट उन्हाळा धरून लिहा.
२) माती आणि पाणी तपासले आहे का? क्षार आणि चुनखडी किती?
३) वारा कोणत्या दिशेने जोरात येतो? त्या बाजूला काही आडोसा आहे का?
४) शेताची लांबी कोणत्या दिशेला आहे? ओळी दक्षिणोत्तर बसतील का?
५) माल कुठे जाणार : गावच्या बाजारात, निर्यातीला की बेदाण्याला?
६) घरचे काम करणारे हात किती? उसाचे काम आणि बागेचे काम कोणत्या महिन्यांत एकावर एक येते?
७) पुढे आच्छादन किंवा जाळी घालायची झाल्यास खांब पेलतील का?
८) एक साल पूर्ण माल गेला, तर कर्जाचा हप्ता कशातून भरणार?

आठव्या प्रश्नाचे उत्तर कागदावर आले नाही, तर सबंध रान एकदम द्राक्षाखाली घालू नये. आधी वीस गुंठे करावे, उरलेल्यात ऊस ठेवावा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील तज्ज्ञांचा आणि कारखान्याच्या शेतकी खात्याचा सल्ला घ्यावा. शेजाऱ्याची बाग जरूर पाहावी. मात्र पाहायला जाताना नुसता टेप घेऊन जाऊ नये, ही वहीही बरोबर न्यावी आणि हेच आठ प्रश्न त्यालाही विचारावेत. त्याची उत्तरे आणि आपली उत्तरे जुळली, तर त्याची बाग खुशाल आपल्या रानात आणावी. जुळली नाहीत तर जी उत्तरे वेगळी आली, तेवढ्या ठिकाणी आपली बागही वेगळी दिसली पाहिजे.